माळावर तिवर नाही

सोनटेंभीची ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरायची आणि बाईजा मुकणे नेहमी शेवटच्या खांबाला टेकून बसायची. दोन वर्षांपूर्वी तिचं नाव गावाच्या जैवविविधता समितीत घातलं होतं. समितीत कातकरवाडीतली एक बाई हवी, असा नियम होता म्हणून. तेव्हा सरपंच मनोज सुरोशे स्वतः वाडीवर येऊन म्हणाले होते, "बाईजा, तुला काय करायचं नाय. बोलवलं की यायचं, अंगठा द्यायचा, चहा प्यायचा." त्याप्रमाणे ती दोनदा आली होती आणि चहा पिऊन गेली होती.

यंदा दोन ऑक्टोबरच्या सभेत मात्र काम जरा मोठं होतं. गावातली झाडंझुडपं, वेली, पाखरं, जनावरं यांची एक सरकारी वही असते. ती तयार झाली होती आणि समितीच्या सात जणांच्या सह्या घेऊन ती वर पाठवायची होती. वही करायचं काम ठाण्याच्या एका संस्थेनं घेतलं होतं. संस्थेचा माणूस भावेश सकाळच्या जीपनं मुरबाडहून आला होता. इस्त्रीचा शर्ट, पाठीला बॅग, हातात गुळगुळीत कागदाची जाड फाईल.

भावेशनं वाचायला घेतलं. आंबा, फणस, साग, ऐन. लोक माना हलवत होते. भात पिवळं पडायला लागलं होतं, कापणी तोंडावर होती, प्रत्येकाचा जीव शेताकडं ओढत होता. भावेशही घाईत होता. एका दमात दहा-दहा नावं घेत तो पुढं चालला होता.

"झुडुपं आणि वेली. तिवर, कांदळ, मर्यादवेल, मेसवाक..."

"थांब रे दादा," बाईजा म्हणाली.

तिचं तिलाच नवल वाटलं, इतका आवाज मोठा निघाला होता. पुढं बसलेली माणसं वळून बघायला लागली.

"तिवर कुटं हाय इथं?"

भावेशनं कागदावर बोट ठेवलं. "लिहिलंय ना. नोंद क्रमांक त्रेचाळीस."

"लिवलंय ते ऐकलं मी. हाय कुटं ते सांग."

कुणीतरी हसलं. सरपंच म्हणाले, "असंल कुठंतरी ओढ्याला. बाईजा, बस खाली."

पण बाईजा बसली नाही. तिवर तिला चांगलंच ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून अकरा वर्षं ती आणि तिचा नवरा देवजी दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे, भिवंडीच्या अंगाला, खाडीच्या काठी. भट्टीच्या मागं चिखल होता आणि चिखलात तिवरांचं रान. ओहोटी लागली की बाईजा गुडघाभर चिखलात उतरून खेकडे धरायची. तिवराच्या मुळ्या खालून वर येतात, चिखलातून बोटं काढल्यासारख्या. अनवाणी पायाला टोचतात. पानाला जीभ लावली तर मीठ लागतं. एका वर्षी भट्टी वसईकडं, पार समुद्राला लागून होती. तिथं वाळूवर पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेलही तिनं पाहिली होती.

"तिवर खाऱ्या पाण्यात होतं," ती म्हणाली. "भरतीचं पाणी लागतं त्याला. सिद्धगडाच्या पायाशी भरती येते का रं? आणि मर्यादवेल वाळूत होते. आपल्याकडं वाळू हाय ती फक्त सरपंचांच्या नव्या घराफुडं."

आता मात्र सगळेच हसले. भावेशचे कान लाल झाले. काय घडलं असणार ते न सांगताच सगळ्यांना कळलं. किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी गावाची वही यानं उचलली होती आणि वरचं नाव तेवढं बदललं होतं.

"छोटीशी चूक आहे," भावेश म्हणाला. "चार नावं काढून टाकतो. बाकी डेटा बरोबर आहे."

"माळाचं काय लिवलंय, ते वाच."

माळ म्हणजे गावाच्या वरचं ते सपाट पठार. चाळीस एकर, कातळ आणि गवत, कडेला झुडपांची दाट पट्टी, आणि मागं सिद्धगडाचं जंगल. मालकी पंचायतीची, पण बारा महिने तिथं पाय असायचे ते वाडीतल्या बायकांचेच.

भावेशनं पान उलटलं. "वरचा माळ. ओसाड. वनस्पती, गवत."

"बास?"

"बास."

बाईजानं सरपंचांकडं पाहिलं. सरपंचांनी घड्याळाकडं पाहिलं. माळ जेसीबीनं सपाट करून तिथं गुलमोहर आणि शोभेची झाडं लावायची, पाहुण्यांसाठी तंबू ठोकायचे, असा बेत होता, हे गावाला उन्हाळ्यापासून माहीत होतं. ओसाड असं वहीत लिहिलं की पुढं समितीला कुणी विचारणार नव्हतं.

"मी अंगठा नाय देणार," बाईजा म्हणाली.

सरपंचांचा आवाज खाली आला. "बाईजा, पंधरा तारखेच्या आत वही जायला पाहिजे. सातांतली एक सही कमी पडली तर अडून राहील सगळं."

"मग माझ्यासंग माळावर चला. तिथं काय हाय ते बघा, ते लिवा. मग देते."

"आणि नाय आलो तर?"

"तर अंगठा माझा हाय. माझ्या हाताला हाय."

*

रात्रीची भाकरी संपली तसा देवजी बोलला.

"मनोजशेठच्या शेतावर कापणीला जायचंय आपल्याला. दर साली जातो. आता बोलवंल का तो?"

"नाय बोलवलं तर दुसरीकडं जाऊ."

"दुसरीकडं म्हंजे कुटं? सगळी एकमेकांची माणसं."

भीती तिलाही वाटत होती. पण सभेत उभं राहिल्यावर जी वाट मोकळी झाली होती, ती बंद करायचं तिच्या मनात येत नव्हतं. देवजीनं ताट उचललं. "तुझं डोकं फिरलंय," तो म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात राग कमी आणि काळजी जास्त होती.

सरपंच वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. गावातली पोरं मुरबाडच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली राबत होती, काही पहाटेची गाडी पकडून कल्याणच्या पलीकडं जात होती. माळावर पाहुणे आले तर पंधरा-वीस घरांना काम मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबात वाडी कुठं बसत नव्हती, इतकंच. शेवटी त्यांनी मार्ग काढला. वहीवर तज्ज्ञ म्हणून शहापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या संगीता भोईर यांची सही होती. त्यांनाच माळावर न्यायचं. मॅडमनी दोन लॅटिन नावं घेतली की बाईजाचं तोंड आपोआप बंद होईल.

*

सहा तारखेला सकाळी आठ वाजता सगळे माळाच्या चढाला लागले. पुढं सरपंच, मग संगीता मॅडम, मग फाईल छातीशी धरलेला भावेश. बाईजाबरोबर वाडीतली हिराबाई होती, सत्तरीची, काठी टेकत पण कुणाच्या आधी चढणारी. देवजी आला नव्हता.

चढाच्या मध्यावर मॅडम थांबल्या. त्यांनी बाईजाला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "त्या फाईलवर माझी सही आहे. मी न वाचता केली. इथं आले नाही, काही नाही. तुम्ही सभेत बोललात, ते मला फोनवर कळलं. लाज वाटली मला."

कुठली मॅडम तिच्यापाशी असं कधी बोलली नव्हती. "मग आता नीट बघा," ती म्हणाली.

माळाच्या कडेशीच तेरड्याची गुलाबी फुलं उरलेली होती, कुठं कुठं शेंगा धरलेल्या. त्यांच्यामधून कवल्याची पिवळी फुलं आणि कुर्डूचे तुरे. सरपंचांनी हात फिरवून म्हटलं, "हे सगळं गवतच की."

"गवत खाता का तुमी पावसाळ्यात?" बाईजानं विचारलं. "कुर्डूची भाजी तुमच्या घरी गेली होती ना श्रावणात? मीच दिली होती. लिव दादा. कुर्डू. तेरडा. कवला. ह्याची भाजी कोवळा असताना होते."

भावेशनं लिहायला सुरुवात केली.

मग ती झुडपांच्या पट्टीत शिरली. तिचं चालणंही बदललं. खाली व्हरांड्यात ती अंग चोरून बसायची. इथं तिनं पदर खोचला आणि फांद्या बाजूला सारत पुढं गेली. मुरुडशेंग दाखवली, तिची विटकरी लाल फुलं आणि पिळाच्या शेंगा एकाच फांदीवर. कुड्याच्या जोडशेंगा दाखवल्या. भारंगीचं शेवटचं निळसर फूल दाखवलं. दिंड्याची पानं, तोरणाचे वाकडे काटे, करवंदीची जाळी. अजून न फुललेली धायटी तिनं नुसत्या सालीवरून ओळखली. एका ऐनावर चढलेल्या वेलीला लोंबणारा मोहोर तिनं तळहातावर घेतला.

"ही चाई. ह्या मोहराची भाजी करतो. खाली कंद असतो, तो मार्गशीर्षात काढतो. पण सगळा नाय काढायचा. वरचं तोंड परत मातीत लावून यायचं. पुढच्या साली तिथंच मिळतो."

"डायस्कोरिया," मॅडम स्वतःशी पुटपुटल्या. त्यांनी मोहोर हातात घेतला, पानाचे भाग मोजले. "माझी आई याला चाईच म्हणायची. आटगावच्या पलीकडं आमचं गाव. मी विद्यार्थ्यांना याचं चित्र दाखवते, कपाटातला वाळका नमुना दाखवते. उभी वेल पाहून वीस वर्षं झाली."

सरपंच मागं होते. मॅडमनी बाईजाचं तोंड बंद करावं म्हणून त्यांना आणलं होतं आणि त्याच आता वही-पेन काढून बाईजाच्या मागं पळत होत्या. सरपंचांनी एका झुडपाची फांदी मोडली आणि पुढं केली. बारीक फुलांचे गुच्छ, लाल, पिवळे, केशरी.

"सांग हे काय. किती सुंदर फूल आहे बघ. हे नाही दाखवलंस ते?"

"घाणेरी," बाईजा म्हणाली. "ही आपली नव्हं."

"म्हणजे?"

हिराबाईनं काठी आपटली. "मी पोर होते तवा माळावर चारच झुडपं होती हिची. बाहेरून आली ती. हिच्या खाली काय उगवत नाय, ढोरं तोंड लावत नायत. करवंदी खाल्ली हिनं, चाई खाल्ली. अशीच वाढत आली, कुणाला न इचारता."

"हिलाही लिव," बाईजा भावेशला म्हणाली. "पण येगळ्या पानावर. आमच्यात नको."

मॅडमनी मान डोलावली. "बरोबर सांगताहेत त्या. ती परदेशी आहे."

पट्टीच्या टोकाला कातळ सुरू होत होता. पावसाचं शेवटचं पाणी त्यावरून पाझरत होतं आणि त्या ओलीत नखाएवढी निळीजांभळी फुलं उभी होती, शेकडो. त्यांना सीतेची आसवं म्हणतात, हे मॅडमनी सांगितलं. बाईजाला नाव नवीन होतं, फूल जुनं. तिच्या वाडीत त्याला नाव नव्हतं. त्याच्या बाजूला खडकाच्या फटीत आणखी एक रोप होतं, जाड पानांचं, पांढऱ्या फुलाचं. सरपंच वाकले.

"आणि हे?"

बाईजानं खाली बसून पाहिलं. पान चुरून वास घेतला. हिराबाईकडं पाहिलं. हिराबाईनं नकाराची मान हलवली.

"मला नाय ठाऊक," बाईजा म्हणाली.

सरपंच हसले. "आता? इतका वेळ सगळं येत होतं."

"येतं ते सांगितलं. नाय येत ते नाय येत. दादा, लिव की बाईजाला ह्याचं नाव ठाऊक नाय."

मॅडमही गुडघे टेकून बसल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. "मलाही नाही माहीत," त्या म्हणाल्या. "फोटो काढते. शोधावं लागेल." मग उठून त्यांनी सरपंचांकडं वळून सांगितलं, "मनोजदादा, त्या फाईलमध्ये एकही जागा अशी नव्हती जिथं माहीत नाही असं लिहिलंय. तिथंच मला कळायला हवं होतं."

मॅडमनाही नाव माहीत नाही, हेही भावेशनं कुणी न सांगता लिहून घेतलं. ऊन चढलं होतं. त्याचा इस्त्रीचा शर्ट घामानं भिजला होता, बुटात कुसळं गेली होती, पण नावं लिहिताना तो आता पुन्हापुन्हा विचारत होता, नीट ऐकून घेत होता. बाईजानं त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं.

"औषधांचा पण एक रकाना आहे," तो म्हणाला. "कोणतं मूळ कशावर चालतं, कुठं मिळतं, असं."

"तो मोकळा ठेव."

"का? तुम्हाला माहीत असेलच."

"माहीत हाय, म्हणूनच. चार सालामागं गाडी घेऊन माणसं आली होती. एका मुळीचं नाव त्यांना कुणीतरी सांगितलं. महिन्याभरात सगळं खणून नेलं. आता आमच्या घरात बाळंतीण असली की आमालाच मिळत नाय. झाडाचं नाव सांगीन. त्याची भाजी सांगीन. पण मूळ कुटं हाय ते कागदावर जाणार नाय."

"पण रकाना रिकामा राहिला तर वर विचारतील."

"विचारू दे. माझं नाव सांग."

मॅडमनी भावेशच्या हातातून फाईल घेतली, त्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'माहिती वाडीकडे आहे. देण्यास नकार.' आणि खाली सही केली.

*

नवी वही तयार व्हायला आठ दिवस लागले. चौदा तारखेला समितीला पुन्हा बोलावलं. या वेळी भावेशनं हळू वाचलं. माळाच्या एका पानाची आता अकरा पानं झाली होती. ओसाड हा शब्द कुठं नव्हता. एकशे बारा नावं होती, तीन ठिकाणी 'नाव माहीत नाही' होतं, आणि घाणेरी वेगळ्या पानावर होती.

बाईजा ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "माहिती कुणी दिली, तिथं काय लिवलंय?"

भावेश अडखळला. त्यानं सरपंचांकडं पाहिलं. "ग्रामपंचायत सोनटेंभी, असं आहे. फॉरमॅटच तसा आहे."

"पंचायत आली होती माळावर? मला दिसली नाय."

"अगं, पण पंचायत म्हणजे आपण सगळेच," सरपंच म्हणाले.

"सगळेच असू तर माझं नाव लिवायला काय जातंय? हिराबाईचं लिवा. माझ्या आईनं शिकवलं मला, ती गेली, तिचं पण लिवा. धाऊ सोमा हिलम. लिवल्याबिगर मी हात लावणार नाय."

समितीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं, ज्यानं दोन वर्षांत एक शब्द उच्चारला नव्हता, तंबाखू थुंकून म्हटलं, "लिव रे भावेश. खोटं काय सांगते ती?"

तीन नावं लिहिली गेली. बाईजानं भावेशला ती दोनदा वाचायला लावली. मग शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून आपल्या नावासमोर उठवला, दाबून.

सरपंचांनी त्या दिवशी चहा मागवला नाही. आणि देवजी म्हणाला होता तसंच झालं. कापणीला मनोजशेठनं निरोप धाडला, यंदा यंत्र बोलावलंय, माणसं नकोत. वाडीतल्या कुणालाच बोलावणं आलं नाही. चार दिवस लोकांनी बाईजाशी बोलणं टाकलं. एक-दोघी तर तोंडावर म्हणाल्या, फुलांची नावं लिहून पोट भरतं का. बाईजानं ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी ती नदीपलीकडच्या गावात गेली, तिथल्या दोन घरांशी बोलली आणि बारा जणांचं काम ठरवून आली. रोज दीड तास जायला, दीड तास यायला. बारांत देवजी पहिला निघाला. बाईजाचा विळा आणि भाकरीचं गाठोडं त्यानंच उचललं होतं.

मार्गशीर्ष लागला तसं वाडीतल्या बायका कंद काढायला माळावर गेल्या. तिथं एक जीप उभी होती. दोन माणसं लोखंडी साखळी ओढत होती, तिसरा खुणेच्या खुंट्या ठोकत होता.

बाईजा त्याच्याजवळ गेली. "काय चाललंय?"

"मोजणी. सपाटीकरणासाठी."

"समितीचा कागद हाय?"

"कसली समिती?"

"ह्या माळाची नोंद झालीय. समितीला इचारल्याशिवाय इथं खुंटी ठोकता येत नाय. मी समितीत हाय. मला कुणी इचारलं नाय."

माणसानं तिच्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं. मातीचे हात, खोचलेलं लुगडं, खणायची पहार. मग त्यानं सरपंचांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. दरम्यान बाकीच्या बायका येऊन बाईजाच्या बाजूला उभ्या राहिल्या होत्या, आपापली पहार टेकून. तोंडावर बोललेल्या त्या दोघीही होत्या.

फोन उचलला गेला नाही. माणसांनी आपसात काही बोलून साखळी गुंडाळली.

"उद्या कागद घेऊन येतो," जीपमध्ये बसताना तो म्हणाला.

"या," बाईजा म्हणाली. "आमी रोज असतो."

जीप उतारावरून दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली. मग तिनं वाळलेली वेल शोधली, तिच्या बुडाशी बसली आणि खणायला लागली.